फ्लॉपीवर फाइल उतरवताना: आज्ञा पूर्ण झाली म्हणजे लेखन पूर्ण झाले का?

धागाकर्ता: लेथघर

माझ्याकडे संगणक-नियंत्रित मिलिंग यंत्र आहे. ते यांत्रिकदृष्ट्या अजून उत्तम स्थितीत आहे, मात्र त्याच्या नियंत्रकात कार्यक्रम भरण्याचा वापरण्याजोगा मार्ग एकच उरला आहे, तो म्हणजे साडेतीन इंची फ्लॉपी. कार्यक्रम लिनक्स असलेल्या लॅपटॉपवर तयार होतात आणि यूएसबीला जोडलेल्या बाह्य फ्लॉपी ड्राइव्हमधून चकतीवर उतरवले जातात. मी आतापर्यंत फ्लॉपी माउंट करून (म्हणजे लिनक्सच्या डिरेक्टऱ्यांत जोडून घेऊन) टर्मिनलमध्ये ‘सीपी’ ही नकलेची आज्ञा देत आलो. फाइल मोठी असो वा लहान, आज्ञा दोन सेकंदांत पूर्ण होते, कोणतीही चूक दाखवली जात नाही, आणि ‘एलएस’ने पाहिले तर फाइल योग्य आकारासह यादीत दिसते.

अडचण यंत्रापाशी गेल्यावर सुरू होते. दर चार-पाच फ्लॉप्यांमागे एखादी अशी निघते की यादीत फाइलचे नाव दिसते पण कार्यक्रम अर्ध्यावर तुटलेला असतो, आणि कधी कधी तर यादीच जुनी दिसते, म्हणजे काल पुसलेल्या फाइली आज पुन्हा हजर असतात. मागच्या आठवड्यात मी खबरदारी म्हणून नकल झाल्यावर लगेच ‘सीएमपी’ने मूळ फाइल आणि फ्लॉपीवरील फाइल ताडून पाहिली. दोन्ही तंतोतंत सारख्या असल्याचे उत्तर आले. तीच फ्लॉपी यंत्रात घातली, आणि शेवटच्या शंभरेक ओळी नव्हत्याच. सुदैवाने हत्यार फिरत असताना हे घडले नाही, कारण मी कार्यक्रम चालवण्याआधी नियंत्रकाच्या पडद्यावर तो शेवटपर्यंत वाचून पाहतो.

माझा प्रश्न असा आहे की, ताडणीने सारखी ठरवलेली फाइल चकतीवर अपुरी कशी असू शकते, आणि नकल पक्की झाली हे खात्रीने कसे ठरवावे? (आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे. प्रत्यक्ष देताना त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत द्याव्यात, हे वाचणाऱ्यांनी कृपया लक्षात घ्यावे.)

प्रतिसाद: तबकडी

आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपण दिलेल्या ‘दोन सेकंदां’तच आहे. साडेतीन इंची जादा घनतेच्या फ्लॉपीत ८० ट्रॅक (एकात एक गोल पट्टे), दोन बाजू, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर (पट्ट्याचे तुकडे) आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट असतात. गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट येतात. चकती मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सेकंदाचा पाचवा भाग लागतो, आणि एका फेऱ्यात एका बाजूचा एक ट्रॅक, म्हणजे ९,२१६ बाइट, यांपेक्षा जास्त लिहिणे कोणत्याही ड्राइव्हला शक्य नसते. दोन्ही बाजूंचे मिळून १६० ट्रॅक होतात. तेव्हा हेड सरकवण्याचा वेळ शून्य धरला तरी पूर्ण फ्लॉपीला किमान ३२ सेकंद हवेतच. दोन सेकंदांत फार तर ९२ हजार बाइट लिहून होतील. आपली फाइल त्याहून मोठी असेल आणि तरीही आज्ञा दोन सेकंदांत परत येत असेल, तर ती फाइल त्या क्षणी चकतीवर नसून लॅपटॉपच्या स्मृतीत आहे.

माउंट केलेल्या फ्लॉपीवर ‘सीपी’ दिली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मजकूर आधी स्मृतीत घेतो, आज्ञा पूर्ण झाल्याचे कळवतो आणि प्रत्यक्ष लेखन सवडीने करतो. त्यानंतर लगेच दिलेली ‘सीएमपी’ही फाइल चकतीवरून वाचत नाही. स्मृतीत ती आधीच आहे म्हटल्यावर तिथूनच वाचते. आपण मूळ फाइल तिच्याच स्मृतीतील प्रतीशी ताडली, आणि त्या दोन अर्थातच सारख्या निघाल्या. आकारासह यादी दिसणे हाही याच स्मृतीचा खेळ आहे. काल पुसलेल्या फाइली पुन्हा दिसल्या, त्या दिवशी डिरेक्टरीचे सेक्टर लिहिले जाण्याआधीच चकती बाहेर काढली गेली असावी.

तूर्त एवढे करा: नकल झाल्यावर ‘यूमाउंट’ (माउंट सोडवण्याची आज्ञा) द्या, ती आज्ञा परत येईपर्यंत आणि ड्राइव्हचा दिवा पूर्ण विझेपर्यंत फ्लॉपीला हात लावू नका.

लेथघर

हिशेब करून पाहिला. संबंधित फाइल ३,१०,००० बाइटांच्या आसपासची होती, म्हणजे तिला नुसत्या लेखनासाठीच साडेसहा सेकंदांच्या वर लागायला हवे होते. आपले निदान मला पूर्णपणे पटले. ‘यूमाउंट’ मी बहुतेक वेळा देत असे, पण घाईत राहून जात असे हे मान्य करतो. माउंट न करताच नकल करण्याची काही सोय आहे का, म्हणजे ही पायरी विसरण्याची शक्यताच राहणार नाही?

प्रतिसाद: पाटीपेन्सिल

आहे, आणि ती फार जुनी व विश्वासू सोय आहे. ‘एमटूल्स’ हा ग्नू प्रकल्पातील आज्ञासंच डॉस (विंडोजच्या आधीची संगणकप्रणाली) पद्धतीच्या चकत्या माउंट न करता थेट हाताळतो. डॉसमध्ये काम केलेल्यांना त्याची भाषा लगेच ओळखीची वाटेल, कारण प्रत्येक आज्ञा डॉसच्या आज्ञेपुढे ‘एम’ लावून केलेली आहे: यादीसाठी ‘एमडीआयआर’, नकलेसाठी ‘एमकॉपी’, पुसण्यासाठी ‘एमडीईएल’, फॉरमॅटसाठी ‘एमफॉरमॅट’. ‘एमकॉपी’, मग फाइलचे नाव, मग ‘ए’ आणि अपूर्णविराम, एवढे लिहिले की फाइल फ्लॉपीवर जाते. अपूर्णविराम विसरू नका. तो नसेल तर ‘ए’ नावाची साधी फाइल चालू डिरेक्टरीतच तयार होईल आणि आपण समजाल की नकल फ्लॉपीवर झाली.

पर्यायांपैकी तीन रोजच्या उपयोगाचे आहेत. ‘-एम’ने फाइलची मूळ वेळ कायम राहते (डॉसच्या नोंदीत वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यानेच साठवली जाते, त्यामुळे एका सेकंदाचा फरक दिसला तर घाबरू नये). ‘-एस’ने आतल्या डिरेक्टऱ्यांसह नकल होते. ‘-ओ’ दिला तर त्याच नावाची जुनी फाइल न विचारता बदलली जाते. यंत्राच्या कार्यक्रमांच्या बाबतीत हा तिसरा पर्याय मी स्वतः वापरत नाही. जुन्या फाइलवर लिहायचे का, हा प्रश्न आज्ञेने विचारलेलाच बरा.

आता यूएसबी ड्राइव्हविषयी. जुन्या संगणकांतील अंतर्गत ड्राइव्ह ‘/डेव्ह/एफडी०’ या नावाने दिसे आणि ‘एमटूल्स’ ‘ए’ म्हटल्यावर सर्वसाधारणपणे तिथेच शोधते. आपला बाह्य ड्राइव्ह मात्र ‘/डेव्ह/एसडीबी’ किंवा ‘एसडीसी’ अशा, पेनड्राइव्हला मिळते त्याच घराण्यातील नावाने येतो. त्यामुळे घरच्या डिरेक्टरीत ‘.एमटूल्सआरसी’ नावाची फाइल करून तिच्यात ‘ए’ या ड्राइव्हपुढे ते नाव लिहावे लागते. इथे मात्र हात जपून चालवा. ही नावे उपकरणे जोडण्याच्या क्रमाने बदलतात. काल ‘एसडीबी’ फ्लॉपी होती म्हणून आजही तीच असेल असे नाही, आणि चुकीच्या नावावर ‘एमफॉरमॅट’ दिली गेली तर पेनड्राइव्ह किंवा बाह्य हार्ड डिस्क हातची जाईल. प्रत्येक वेळी आधी ‘एलएसबीएलके’ (जोडलेल्या चकत्यांची यादी देणारी आज्ञा) देऊन आकाराचा स्तंभ पाहावा. १.४ एम असा आकार ज्याच्यापुढे आहे तीच फ्लॉपी. त्याहून चांगले म्हणजे ‘/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी’ या डिरेक्टरीतील त्या ड्राइव्हचे लांबलचक पण न बदलणारे नाव लिहून टाकावे.

आणखी एक. डेस्कटॉप आपोआप फ्लॉपी माउंट करत असेल तर ती सोय बंद करा. एकाच चकतीवर एकीकडून माउंट आणि दुसरीकडून ‘एमटूल्स’ असे दोघे लिहू लागले तर डिरेक्टरीचा घोळ हमखास होतो.

लेथघर

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. ‘एमटूल्स’ घातले, ‘एलएसबीएलके’ने आकार पाहून नाव लिहिले. पहिल्या फ्लॉपीवर नकल नीट झाली, आणि या वेळी आज्ञा परत यायला खरोखरच वेळ लागला व ड्राइव्हचा आवाजही शेवटपर्यंत ऐकू येत राहिला. पण दोन नवे प्रश्न निर्माण झाले. एका फ्लॉपीवर ‘नॉन डॉस मीडिया’ असा संदेश आला. दुसरीवर मी ६० लहान फाइली एकदम पाठवल्या, तेव्हा ५५ गेल्या आणि पुढे डिरेक्टरीत जागा नसल्याचे सांगितले गेले, वास्तविक ‘एमडीआयआर’ बरीच मोकळी जागा दाखवत आहे.

प्रतिसाद: कोरीवही

पहिल्या संदेशाचा अर्थ, पहिल्या सेक्टरमध्ये डॉसला ओळखू येईल अशी माहिती ‘एमटूल्स’ला मिळाली नाही. चकती फॉरमॅट केलेली नसेल, दुसऱ्याच पद्धतीने केलेली असेल, किंवा तो सेक्टर पुसट झाला असेल. तिच्यावर जपण्यासारखे काही नसेल तर ‘एमफॉरमॅट’ला ‘-एफ १४४०’ हा पर्याय देऊन पाहा. ध्यानात असू द्या की ‘एमफॉरमॅट’ केवळ डॉसची रचना लिहिते, ट्रॅक नव्याने आखत नाही. ते काम अंतर्गत ड्राइव्हसाठी ‘एफडीफॉरमॅट’ आणि यूएसबी ड्राइव्हसाठी ‘यूएफआयफॉरमॅट’ करते.

दुसरा प्रश्न जास्त रंजक आहे. फ्लॉपीवरील पहिला सेक्टर बूटचा, त्यानंतर फॅटच्या (कोणती फाइल कोणत्या सेक्टरांत आहे याच्या तक्त्याच्या) प्रत्येकी ९ सेक्टरांच्या दोन प्रती, आणि त्यानंतर मूळ डिरेक्टरीला १४ सेक्टर, असे एकूण ३३ सेक्टर व्यवस्थेसाठी जातात. उरतात २,८४७ सेक्टर, म्हणजे १४,५७,६६४ बाइट, आणि कोऱ्या फ्लॉपीवर ‘एमडीआयआर’ मोकळी जागा म्हणून नेमका हाच आकडा दाखवते. मूळ डिरेक्टरीचे १४ सेक्टर कायमचे ठरलेले आहेत. प्रत्येक नोंद ३२ बाइटांची, म्हणून तिच्यात २२४ नोंदी मावतात, एकही जास्त नाही.

आपण म्हणाल, साठ फाइली आणि २२४ नोंदी, मग अडले कुठे? अडले नावांपाशी. आठ अधिक तीन अक्षरांच्या चौकटीत न बसणारे नाव असेल तर ते दर १३ अक्षरांना एक अशा जादा नोंदींत साठवले जाते, आणि शिवाय मूळ छोट्या नावाची एक नोंद लागतेच. आपली नावे सत्तावीस ते एकोणचाळीस अक्षरांची असतील तर प्रत्येक फाइलला चार नोंदी गेल्या. फ्लॉपीला नाव दिलेले असेल तर तेही एक नोंद खाते. उरलेल्या २२३ नोंदींना चाराने भागा, पंचावन्न पूर्ण फाइली बसतात. आपला आकडा बरोबर तोच आहे.

डिरेक्टरीच्या आत डिरेक्टरी केली तर ही मर्यादा राहत नाही, कारण आतली डिरेक्टरी फाइलसारखीच वाढत जाते. पण जुने नियंत्रक आतल्या डिरेक्टरीत पाहतातच असे नाही. त्यापेक्षा नावेच आठ अक्षरांत आणि सर्व मोठ्या लिपीत ठेवा. लहान-मोठी अक्षरे मिसळलेल्या आखूड नावालाही जादा नोंद पडू शकते. शिवाय आपल्या यंत्राला लांब नावे कळत नसतील तर त्याच्या पडद्यावर पहिली सहा अक्षरे, एक नागमोडी चिन्ह आणि एक आकडा एवढेच दिसत असेल. सारख्या सुरुवातीच्या दोन कार्यक्रमांत त्यामुळे गफलत होणे हे तुटलेल्या फाइलीइतकेच धोक्याचे आहे.

लेथघर

होय, पडद्यावर तसेच दिसते. ते नागमोडी चिन्ह यंत्राची लहर आहे असे मी इतकी वर्षे समजत होतो. नावे आजच बदलतो.

प्रतिसाद: तबकडी

मूळ प्रश्नाकडे, म्हणजे खात्रीकडे, परत येतो, कारण ‘एमकॉपी’ने निम्मेच काम झाले आहे. माझी पद्धत थोडी वेगळी आहे आणि मी ती आग्रहाने सांगेन. फ्लॉपीवर एकेक फाइल पाठवण्याऐवजी मी आधी हार्ड डिस्कवर फ्लॉपीची पूर्ण प्रतिमा, म्हणजे तिच्या सर्व सेक्टरांची एकच फाइल, तयार करतो. ‘एमफॉरमॅट’ला ‘-सी’ (मोठ्या लिपीत), ‘-एफ १४४०’ आणि ‘-आय’नंतर प्रतिमेचे नाव दिले, व शेवटी ड्राइव्हच्या अक्षराऐवजी नुसते दोन अपूर्णविराम लिहिले, की १४,७४,५६० बाइटांची कोरी प्रतिमा मिळते. मग ‘एमकॉपी’ला तसेच ‘-आय’ देऊन त्या प्रतिमेत फाइली भरतो. चकती अजून ड्राइव्हमध्ये गेलेलीही नाही, आणि तरी जागा पुरते का, नावे बरोबर पडली का, हे सारे पाहून झालेले असते.

त्यानंतर ‘डीडी’ या बाइट जसेच्या तसे उतरवणाऱ्या आज्ञेने ती प्रतिमा एकाच दमात फ्लॉपीवर उतरवतो. ‘बीएस=९२१६’ दिले की एका वेळी एक ट्रॅक जातो, आणि ‘कॉन्व्ह=एफसिंक’ दिले की सर्व मजकूर उपकरणाकडे पोचल्याखेरीज आज्ञा परत येत नाही. यात आणखी एक लाभ असा की, फाइलवार नकलेत हेडला मजकुराचा ट्रॅक आणि अगदी बाहेरच्या ट्रॅकवरील फॅट यांच्यात फेऱ्या घालाव्या लागू शकतात, तर इथे ते शून्याव्या ट्रॅकवरून निघून एकोणऐंशीव्यापर्यंत एका दिशेने जाते.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी. फ्लॉपी बाहेर काढा. पुन्हा घाला. मग ‘डीडी’नेच ती नव्या फाइलमध्ये परत वाचा आणि त्या फाइलची प्रतिमेशी ‘सीएमपी’ने ताडणी करा. चकती बाहेर काढून पुन्हा घालणे टाळू नये, कारण ही ताडणी स्मृतीशी नव्हे तर चकतीशी झाली पाहिजे. प्रत्येक सेक्टरबरोबर ड्राइव्ह १६ बिटांची तपासणी-संख्या लिहितो, त्यामुळे खराब सेक्टर सहसा चुकीचा मजकूर देण्याऐवजी वाचण्यासच नकार देतो. परतवाचन विनातक्रार झाले आणि ताडणीत फरक आला नाही, तरच ती फ्लॉपी यंत्राकडे न्यावी.

प्रतिसाद: पाटीपेन्सिल

तबकडी यांच्या पद्धतीला पूर्ण अनुमोदन, एक भर घालतो. लिनक्सवरील मजकूर फाइलीत ओळीच्या शेवटी एकच चिन्ह असते आणि डॉसच्या फाइलीत दोन. नियंत्रकाला दोन हवी असतील तर ‘युनिक्सटूडॉस’ने फाइल आधी बदलून घ्यावी आणि मग प्रतिमेत भरावी. नकलेच्या वेळीच बदल करणारे पर्याय आहेत, पण मग फ्लॉपीवरील फाइल आणि हाताशी असलेली फाइल यांत मुद्दाम केलेला फरक राहतो आणि ताडणी निरुपयोगी ठरते.

प्रतिसाद: जुनीदौत

लिनक्स नसलेल्या, केवळ डॉसवर चालणाऱ्या संगणकावर हे काम करणारेही इथे असतील, म्हणून थोडे लिहितो. ‘कॉपी’ला ‘/व्ही’ दिले की ताडणी होते असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात डॉस फक्त लिहिलेले सेक्टर वाचता येतात का एवढे पाहते, मूळ फाइलशी बाइटागणिक तुलना करत नाही. खऱ्या तुलनेसाठी ‘एफसी /बी’ द्यावी.

एका फ्लॉपीत न मावणाऱ्या पुष्कळ फाइली असतील तर ‘कॉपी’ जागा संपताच थांबते आणि कुठवर आलो हे आपणच शोधत बसतो. त्यासाठी आधी ‘ॲट्रिब +ए’ने सर्व फाइलींवर खूण करावी आणि मग ‘एक्सकॉपी’ला ‘/एम’ द्यावे. ती प्रत्येक फाइलची नकल झाल्यावर तिची खूण काढते. फ्लॉपी भरली की नवी घालून तीच आज्ञा पुन्हा द्यावी, काम उरलेल्या फाइलींपासून पुढे सुरू होते. एकच फाइल फ्लॉपीपेक्षा मोठी असेल तर लिनक्सवर ‘स्प्लिट’ला ‘-बी १४५७६६४’ देऊन तिचे फ्लॉपीएवढे तुकडे करता येतात आणि डॉसवर ‘कॉपी /बी’ने अधिक चिन्हाने जोडून ते पुन्हा एक करता येतात.

लेथघर

तबकडी यांच्या पद्धतीने काल सात फ्लॉप्या केल्या. सहा परतवाचनात विनातक्रार निघाल्या. सातवीवर लेखन निर्विघ्न झाले होते, परंतु परत वाचताना ड्राइव्ह एकाच जागी खर्रखर्र करत राहिला आणि ‘डीडी’ ६,०८,२५६ बाइटांवर थांबले. जुन्या पद्धतीत हीच फ्लॉपी मी निःशंकपणे यंत्राकडे नेली असती.

प्रतिसाद: कोरीवही

६,०८,२५६ ला ९,२१६ ने भागा, ६६ येतात. म्हणजे ६६ ट्रॅक नीट वाचले गेले आणि पुढच्यावर ड्राइव्ह अडला. दोन बाजू धरता तो ३३ क्रमांकाचा ट्रॅक, पहिली बाजू. ट्रॅक बाहेरून आत मोजतात, तेव्हा तो मध्यापेक्षा किंचित बाहेर असेल. फ्लॉपीची धातूची झडप बोटाने सरकवून, मधला धातूचा गोल हळूहळू फिरवत, चकतीच्या दोन्ही बाजू उजेडात तिरप्या धरून पाहा. चकतीला बोट लागू देऊ नका.

लेथघर

पाहिले. तपकिरी पृष्ठभागावर केसासारखी बारीक, चकाकणारी गोल रेघ पूर्ण फेरा मारून गेलेली आहे, आणि ती आपण सांगितली तिथेच आहे.

प्रतिसाद: जुनीदौत

मग ती फ्लॉपी तर बाद कराच, पण त्याआधी ड्राइव्हमध्ये दुसरी कोणतीही घालू नका. अशी रेघ हेडवर चिकटलेल्या कणामुळे पडलेली असू शकते, आणि तो कण अजून तिथेच असेल तर पुढची प्रत्येक चकती तो तशीच खरवडेल. आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलावलेल्या, धागे न सुटणाऱ्या बोळ्याने दोन्ही हेड हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि पहिली चाचणी फेकून देण्याजोग्या फ्लॉपीवर घ्या. यंत्रातील ड्राइव्हचे हेडही पाहा, कारण रेघ नेमकी कुठल्या ड्राइव्हने पाडली हे आपल्याला माहीत नाही.

जाता जाता, लेखन झालेल्या फ्लॉपीची सरकपट्टी अशी सरकवा की छिद्र उघडे राहील. साडेतीन इंचीत छिद्र उघडे म्हणजे लेखन बंद. सव्वापाच इंचीत नेमके उलटे होते, तिथे खाच झाकली की लेखन बंद होई. दोन्ही प्रकार हाताळणाऱ्यांची यात हमखास चूक होते.

लेथघर

दोन्ही ड्राइव्हचे हेड पुसले. लॅपटॉपच्या ड्राइव्हमधून बोळ्यावर काही आले नाही, यंत्रातील ड्राइव्हमधून मात्र तपकिरी भुकटीचा स्पष्ट डाग आला. एक टाकाऊ फ्लॉपी यंत्रात तीन वेळा वाचून पाहिली, तिच्यावर रेघ पडलेली नाही. त्यानंतर सातवी प्रतिमा नव्या फ्लॉपीवर उतरवली, बाहेर काढून पुन्हा घातली, परत वाचली, ताडली, छिद्र उघडे केले आणि यंत्राकडे नेली. नावे आता आठ अक्षरांची आहेत आणि पडद्यावर पूर्ण दिसतात. कार्यक्रम शेवटच्या ओळीपर्यंत आहे.